अरिझोना हनीसकल: हर्बेरियम शीट तपासणीच्या नोंदी

मंगळवार, 9 जानेवारी 2024, टूसॉन

आजपासून सुरुवात. काम असं: लोनिसेरा अरिझोनिका, म्हणजे अरिझोना हनीसकल, या रानवेलीच्या जेवढ्या शीट (कागदावर चिकटवलेले वाळवलेले नमुने) हर्बेरियमच्या, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहाच्या, कपाटात आहेत तेवढ्या एकेक करून काढायच्या, लेबल वाचायचं, संगणकातल्या नोंदीशी ताडून बघायचं आणि नाव, ठिकाण, तारीख, उंची यांत चूक दिसली तर दुरुस्त करायची. दर मंगळवारी दुपारनंतर. ऑफिसातून तशी परवानगी घेतली आहे.

ही वेल वाळवंटात राहत नाही. अरिझोनातल्या टूसॉन शहराच्या भोवती सहुआरो निवडुंगांचं सोनोरन वाळवंट आहे आणि त्यातून सँटा कॅटालिना, सँटा रिटा, हुआचुका, चिरिकाहुआ असे डोंगर एकाएकी वर उठतात. माथ्यावर पाइन आणि फर, पायथ्याशी निवडुंग. इथले लोक त्यांना स्काय आयलंड म्हणतात, वाळवंटाच्या समुद्रातली बेटं. आपली हनीसकल या बेटांच्या वरच्या, थंड भागात सावलीच्या घळींतून चढते किंवा झुडपांवर पसरते. फूल लांब नळीचं, बाहेरून शेंदरी-लाल, आतून नारिंगी. हमिंगबर्डसाठीच घडवलेलं.

पहिल्या दिवशी फक्त सहा शीट. घाई करायची नाही असं ठरवलं आहे. शीट दोन्ही हातांनी आडवी उचलायची, पुस्तकाच्या पानासारखी उलटायची नाही, आणि लिहायचं ते पेन्सिलीने, हे पुण्यात एम.एस्सी.ला असताना सरांनी हाताला लावलेलं वळण. वीस वर्षांनी पहिल्या शीटला हात लावताना ते आपोआप आठवलं. शंभर वर्षांपूर्वी कुणीतरी खेचराच्या पाठीवर टीपकागद बांधून डोंगर चढलं, हे फूल दाबलं, वाळवलं, आणि त्याची एक पाकळीही माझ्या हातून तुटू नये, एवढंच आज वाटत होतं.

मंगळवार, 23 जानेवारी

आईचा फोन. काय करतेस म्हणाली, तर सांगितलं. "हनीसकल म्हणजे आपली मधुमालतीच ना गं? मग मराठीत तसं लिही की."

यावर थोडं लिहून ठेवते, कारण हा प्रश्न पुढेही येणार. आपल्याकडे फाटकावर चढवतात ती मधुमालती (संध्याकाळी पांढरी उमलते, मग गुलाबी, मग लाल होते) ऐन, अर्जुन, हिरडा यांच्या कुळातली. नर्सरीवाले तिलाही कधी कधी हनीसकल म्हणतात, त्यामुळे घोळ होतो. लोनिसेराचं कूळ वेगळं. लिनियसने या प्रजातीला नाव दिलं ते सोळाव्या शतकातल्या आडाम लोनित्सर या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञावरून. म्हणून नोंदीत हनीसकलच लिहीन. नाव गोड आहे म्हणून दुसऱ्या झाडाचं उसनं घेतलं तर आपणच आणखी एक चुकीचं लेबल चिकटवल्यासारखं होईल. आईला हे पटलं, पण तिच्या मते "काहीतरी छान मराठी नाव शोधायला हवं". ते खरंच आहे.

मंगळवार, 6 फेब्रुवारी

माझी चूक. सविस्तर लिहिते.

गेल्या तीन आठवड्यांत तपासलेल्या शीटच्या तारखांचा साधा आलेख काढला, कुठल्या महिन्यात फुलं आणि कुठल्या महिन्यात फळं हे बघायला. ही वेल साधारण मे ते जुलै फुलते, लाल फळं त्यानंतर धरतात. आलेखात एक शीट ऑक्टोबरमध्ये, भरगच्च फुलांसह. एवढ्या उंचीवर ऑक्टोबरात रात्री गारठा पडायला लागतो. मला आधी वाटलं, वा, काहीतरी वेगळं सापडलं. शीट पुन्हा काढली. लेबलावर हाताने लिहिलं होतं: 6/10.

मी ते आपल्या पद्धतीने 6 ऑक्टोबर वाचलं होतं. अमेरिकेत महिना आधी लिहितात. ती 10 जून.

मग पोटात गोळा आला, कारण असं मी आणखी कितीदा केलं असेल? संध्याकाळ त्यातच गेली. दिवसाचा आकडा बाराच्या वर असेल तिथे प्रश्नच नाही. महिना रोमन आकड्यांत असेल तिथेही नाही, वनस्पतिशास्त्रात ती जुनी चांगली सवय आहे. उरलेल्या शीटसाठी उपाय आमच्या क्युरेटर बाईंनी सांगितला: संग्राहकाचा क्रमांक बघ. जो नियमाने झाडं गोळा करतो तो प्रत्येक नमुन्याला चढता क्रमांक देतो. 412 क्रमांकाची तारीख संदिग्ध असेल तर त्याच माणसाचे 408 आणि 417 कपाटात कुठल्याही कुळात असोत, शोधून काढायचे. त्यांच्या तारखांच्या मधेच 412 ची तारीख बसली पाहिजे.

तसं करून चार तारखा दुरुस्त केल्या. एक सुटली नाही, तिथे फक्त साल ठेवलं आणि महिना-दिवस रिकामा. लेबलावर जसं लिहिलंय तसंच्या तसं वेगळ्या रकान्यात उतरवलं. पुढच्या माणसाला निदान मी काय पाहिलं ते कळेल.

मंगळवार, 20 फेब्रुवारी

आजची शीट या सगळ्या कामाचं कारण आहे असं वाटतं.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीची. लेबलावर छापील 'अरिझोना टेरिटरी', म्हणजे 1912 च्या आधीची, कारण अरिझोनाला राज्याचा दर्जा त्या वर्षीच्या 14 फेब्रुवारीला मिळाला. खाली शाईने: सॅबिनो कॅन्यन, सँटा कॅटालिना पर्वत. उंची नाही. तारखेत महिना आणि साल. बस्स.

संगणकात या नोंदीला अक्षांश-रेखांश आहेत, दशांश चिन्हानंतर पाच आकडे, आणि अनिश्चिततेची त्रिज्या 100 मीटर, म्हणजे खरी जागा ठिपक्यापासून एवढ्याच अंतराच्या आत आहे असा दावा. नकाशावर ठिपका कुठे पडतो, तर सॅबिनो कॅन्यनच्या तोंडाशी, जिथे आज पर्यटक गाड्या लावतात. उंची 2,700 फुटांच्या आसपास. सहुआरो, पालो व्हर्दे, ओकोटियो. जूनमध्ये तिथे पारा 40 अंशांच्या पुढे. फर वृक्षांच्या सावलीत वाढणारी नाजूक वेल त्या खडकांत उभी केली आहे.

कसं झालं ते उघड आहे. कुणीतरी नाव टाकलं, संगणकाने नकाशावर त्या नावाचं जे ठिकाण सापडलं ते उचललं. पण सॅबिनोचा ओढा उगम पावतो वर, माउंट लेमनच्या कुशीत, आज जिथे समरहेवन हे छोटं गाव आहे तिथे, सुमारे 8,000 फुटांवर. तिथून खाली वाळवंटापर्यंत सगळा सॅबिनो कॅन्यनच. आपल्याकडे कुणी नुसतं 'कोयना खोरं' लिहिलं तर महाबळेश्वर समजायचं की कराड? तसंच हे.

आणि यातून काय होतं ते बघा. हा एक ठिपका घेऊन उद्या कुणी हवामानबदलावर काम करणारा म्हणेल, शंभर वर्षांपूर्वी ही वेल वाळवंटाच्या काठापर्यंत होती, आता 5,000 फूट वर सरकली. केवढा मोठा निष्कर्ष, आणि त्याचा आधार एक गाडीतळ.

मी लगेच ठिपका उचलून समरहेवनला नेला. क्युरेटर बाईंना दाखवला. त्यांनी शांतपणे विचारलं, "कशावरून?"

"अहो मॅडम, ही वेल एवढ्या खाली येतच नाही."

"हे तुला कशावरून माहीत?"

"बाकीच्या शीटवरून."

"आणि बाकीच्या शीटचे ठिपकेही आपण असेच वर नेले असतील तर?"

मी गप्प. खरंच. झाड वरच राहतं असं धरून ठिपके वर न्यायचे आणि मग त्या ठिपक्यांवरून सिद्ध करायचं की झाड वरच राहतं. शेपटी तोंडात धरलेला साप. संगणकाची चूक बिनविचाराची होती, माझी विचार करून केलेली, पण चूक ती चूकच.

शीट बाजूला ठेवली आहे. पुराव्याशिवाय हलवायची नाही.

मंगळवार, 5 मार्च

लेमन दांपत्य. माउंट लेमन हे नाव सेरा प्लमर लेमन यांच्यावरून. 1880 च्या अखेरीस त्यांचं जॉन गिल लेमन यांच्याशी लग्न झालं आणि 1881 मध्ये दोघं झाडं गोळा करायला या डोंगरात आली. लग्नानंतरचा प्रवास हा असा. दक्षिणेकडून, म्हणजे टूसॉनच्या बाजूने, चढण्याचे प्रयत्न फसले. कडे उभे, पाणी नाही, काटे. मग उत्तरेकडून गेली, तिथल्या स्ट्रॅटन नावाच्या पशुपालकाने वाट दाखवली आणि सेरा शिखरावर पोचल्या. शिखराची उंची 9,157 फूट.

त्या काळातली त्यांची छापील लेबलं बघितली. संग्राहक: 'जे. जी. लेमन आणि पत्नी'.

शिखराला जिचं नाव, तिला तिच्याच लेबलावर नाव नाही. वनस्पती ओळखणारी, चित्रं काढणारी, डोंगर चढणारी बाई, आणि कागदावर फक्त 'पत्नी'. मला याचं फार वाईट वाटलं. डेटाबेसमध्ये 'सहसंग्राहक' असा रकाना असतो, तो अशा शीटवर बऱ्याचदा रिकामा राहतो, कारण टंकणाऱ्याला 'आणि पत्नी' हे नाव वाटत नाही. या कपाटात लेमन यांची कुठल्याही कुळातली शीट हाती लागली की तो रकाना भरायचा असं ठरलं: सेरा प्लमर लेमन. मूळ लेबलावरचे शब्द जसेच्या तसे ठेवून.

प्रकल्पाच्या हद्दीबाहेरचं काम आहे, तरी करणार.

मंगळवार, 19 मार्च

एका फोल्डरमध्ये बारीक भुसा दिसला. पानाला टाचणीच्या डोक्याएवढं भोक. कीड. तंबाखूला लागते तीच ती छोटी तपकिरी, हर्बेरियमचा जुना शत्रू. अख्खा फोल्डर प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करून फ्रीझरमध्ये. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही, नाहीतर थंड कागदावर दव धरतं. आज बाकी काही झालं नाही.

मंगळवार, 9 एप्रिल, गुढीपाडवा

सकाळी बाल्कनीत गुढी. कडुनिंब मिळाला, कारण इथल्या एका मराठी कुटुंबाने अंगणात लावला आहे आणि टूसॉनच्या उन्हात तो छान वाढला आहे. दुपारी हर्बेरियम.

आज ठिकाणांची नावं. हुआचुका डोंगरातल्या जुन्या लेबलांवर 'टॅनर्स कॅन्यन' येतं. आजच्या नकाशावर तिथे त्या नावाचं काही नाही, कारण आता ते गार्डन कॅन्यन. म्हणजे जुने नकाशे शेजारी उघडे ठेवल्याशिवाय गत्यंतर नाही.

जिल्ह्यांचंही तसंच. इथे त्यांना काउंटी म्हणतात. कोचीस काउंटी 1881 मध्ये पिमा काउंटीतून वेगळी झाली, सँटा क्रूझ 1899 मध्ये. सँटा रिटा डोंगरातल्या एखाद्या जुन्या शीटवर 'पिमा काउंटी' असेल तर ती चूक नव्हे, तेव्हा खरंच पिमाच होती. आपल्याकडे जुन्या कागदावर 'कुलाबा जिल्हा' असतो आणि आपण रायगड समजतो, तसंच. आजच्या काउंटीच्या रकान्यात आजचं नाव, लेबलाच्या रकान्यात लेबलाचं. दोन रकाने वेगळे ठेवायचा कंटाळा केला की सगळा गोंधळ इथूनच सुरू होतो.

घरी येऊन श्रीखंड.

मंगळवार, 23 एप्रिल

नावांची तपासणी, आणि आतापर्यंतचा सर्वांत आनंदाचा दिवस.

या डोंगरांत हनीसकल एकच नाही. पांढऱ्या-फिकट फुलांची लोनिसेरा अल्बिफ्लोरा आहे, ती जरा खालच्या, ओक-ज्युनिपरच्या पट्ट्यात. पिवळ्या छोट्या फुलांची लोनिसेरा इंटरप्टा आहे, कॅलिफोर्नियाकडून इकडे आलेली. जिवंत असताना तिघी लांबूनही ओळखू येतील. पण वाळल्यावर लाल, पांढरं, पिवळं सगळंच तपकिरी. आणि जुन्या संग्राहकांपैकी कितीतरी जणांनी लेबलावर रंग लिहिलेलाच नाही. सर वर्गात म्हणायचे, "रंग लिहा रे बाळांनो, वास लिहा, चीक असेल तर लिहा. कागदावर जे टिकत नाही ते आधी लिहा." तेव्हा परीक्षेपुरतं ऐकलं.

मग काय बघायचं? फुलाचा आकार. अल्बिफ्लोरा आणि इंटरप्टाच्या फुलाला दोन ओठ असतात, वरचा ओठ मोठा आणि मागे वळलेला. अरिझोनिकाची नळी लांब आणि तोंडाशी पाकळ्या जवळजवळ सारख्या, लहान तुतारीसारख्या. फुलं असतील तर मिनिटभराचं काम. नसतील तर पान.

आज एक शीट अशीच, फुलं नाहीत, दोन फांद्या आणि एक फळांचा झुबका. नाव लिहिलेलं अल्बिफ्लोरा. दहा पटीचं भिंग लावलं. फांदीच्या टोकाची वरची दोन पानं समोरासमोरची, बुडाशी एकमेकांना इतकी चिकटलेली की दोन्ही मिळून एक बशी झाली आहे आणि देठ तिच्या मधून आरपार गेला आहे. काडी टोचून लावलेला द्रोणच जणू. हे तिघींतही असतं, त्यामुळे त्याने निकाल लागत नाही. भिंग पानाच्या कडेवर सरकवलं. आधी काही दिसेना. दिवा तिरका केला, तेव्हा कडेने उजेड आला आणि एकदम दिसली: बारीक, सरळ केसांची रांग, पापण्यांसारखी, पानाच्या पूर्ण कडेने. काही तुटलेली, काही कागदाच्या गोंदात बसलेली, पण रांग अखंड. अरिझोनिकाचीच खूण. शेजारी ठेवलेल्या खात्रीच्या अल्बिफ्लोराच्या पानाची कड त्याच उजेडात गुळगुळीत.

(ओरेगन-वॉशिंग्टनकडच्या लोनिसेरा सिलिओसाच्या पानांनाही अशा पापण्या असतात, पण ती इथली नव्हे.)

क्युरेटर बाईंना बोलावलं. त्यांनी वाकून पाहिलं, दिवा आणखी थोडा तिरका केला आणि म्हणाल्या, "चिठ्ठी तूच लिही." म्हणजे नाव-दुरुस्तीची चिठ्ठी माझ्या नावाने, आजच्या तारखेसह. जुनं नाव खोडायचं नसतं, जुन्या चिठ्ठ्या काढायच्या नसतात. नवी चिठ्ठी फक्त त्यांच्या शेजारी चिकटते. या शीटवर आता तीन माणसांची मतं आहेत, तिसरं माझं. पुढे चौथा येऊन मला चुकीचं ठरवू शकतो, त्यासाठी जागा सोडली आहे.

सरांना व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला. त्यांचं उत्तर: "छान. रंग लिहिला होता का त्याने?" नव्हता लिहिला, सर.

मंगळवार, 14 मे

टाउनशिप-रेंजची लेबलं. इथल्या जमिनीची सरकारी मोजणी सहा-सहा मैलांच्या चौकोनांत, प्रत्येक चौकोनाचे 36 सेक्शन, प्रत्येक सेक्शन एक मैल बाय एक मैल. लेबलावर सेक्शन क्रमांक असला की मला हायसं वाटतं. सेक्शनचा मध्य धरायचा आणि त्रिज्या 1.14 किमी, म्हणजे कोपरेही आत येतात. पाव सेक्शन दिला असेल तर त्रिज्या निम्मी.

1980 च्या दशकाच्या आसपासच्या शीटवर नकाशावरून मोजलेले अक्षांश-रेखांश मिळतात, पण ते जुन्या, 1927 च्या आधारपृष्ठावर (पृथ्वीच्या आकाराचं जे गृहीत धरून अक्षांश-रेखांश मोजतात ते). आजच्या जीपीएसशी तुलना केली तर या भागात साठ-सत्तर मीटरचा फरक पडतो. मैदानात एवढं अंतर म्हणजे काहीच नाही. डोंगरात घळीच्या या बाजूचं झाड त्या बाजूला जातं.

आणि इथे बाजू बदलणं म्हणजे जग बदलणं. फॉरेस्ट श्रीव्ह यांनी टूसॉनच्या टुमामॉक टेकडीवरच्या डेझर्ट लॅबोरेटरीत काम करताना 1915 मध्ये सँटा कॅटालिनाच्या वनस्पतींवर जे प्रसिद्ध केलं, त्यातलं हे मूळ निरीक्षण: एकाच उंचीवर दक्षिण उतारावर ओक आणि कोरडी झुडपं, तर उत्तर उतारावर पाइन. झाड फुटांकडे बघत नाही, ऊन किती आणि ओल किती टिकते ते बघतं. त्यामुळे नुसत्या उंचीच्या आकड्यावर विसंबणं मी सोडून दिलं आहे. शक्य तिथे 'उत्तर उतार', 'घळीत, सावलीत' असे लेबलावरचे शब्द वेगळे उतरवते. कितीतरी संग्राहकांनी ते लिहिलेत, आणि टंकताना ते गाळले गेलेत.

शनिवार, 15 जून

डोंगरावर. शहरात सकाळी सहालाच अंगाला चटका बसत होता. कॅटालिना हायवे चढायला लागलो. हा रस्ता 1933 मध्ये सुरू होऊन 1950 मध्ये पुरा झाला, कैद्यांच्या श्रमाने. दुसऱ्या महायुद्धात जपानी वंशाच्या नागरिकांवर लादलेली संचारबंदी आणि सक्तीचं स्थलांतर यांना न्यायालयात आव्हान देणारे गॉर्डन हिराबायाशी यांनी इथेच शिक्षा भोगली. त्या जागी आज त्यांच्या नावाचा मुक्कामाचा तळ आहे. आम्ही तिथे थांबलो. नवरा म्हणाला, पाच मिनिटं शांत बसू. बसलो.

मग वर. सहुआरो संपले, ओक आले, ज्युनिपर आले, मग पाइन. तासाभरात अंगावर शाल घ्यावीशी वाटली.

मार्शल गल्चच्या वाटेला लागलो. जून 2003 च्या ॲस्पेन आगीने समरहेवनमधली 300 हून जास्त घरं खाल्ली. 5 जून 2020 ला वीज पडून लागलेल्या बिगहॉर्न आगीत या डोंगरातली जवळपास 1,20,000 एकर जमीन जळाली. काळे बुंधे अजून उभे आहेत, त्यांच्यामधून ॲस्पेनची पातळ पांढरी खोडं वर आली आहेत.

ओढ्याच्या कडेला, उत्तरेकडच्या सावलीत, एका पडलेल्या ओंडक्यावर ती सापडली. पाच महिने जिला तपकिरी बघत होते ती लाल. मी तो रंग विसरले नव्हते, कारण मला तो माहीतच नव्हता. टोकाला द्रोणासारखी जुळलेली पानं, त्यांच्यावर आठ-दहा फुलांचा घोस, नळीच्या तोंडातून बाहेर आलेले पिवळट पुंकेसर. पान बोटांत धरून आकाशासमोर केलं. कडेची पापणी नुसत्या डोळ्यांनी दिसली, उजेडाची चांदी लागलेली.

वास घेतला. मला तरी काही आला नाही. लिहून ठेवते, सर.

परवाना माझ्या नावावर नाही, राष्ट्रीय वनात त्याशिवाय नमुना तोडता येत नाही. फोटो घेतले: फूल समोरून, बाजूने, पानाची कड, पूर्ण वेल, आजूबाजूची झाडं. जीपीएसची अचूकता 6 मीटर. ही माझी पहिली नोंद जिची त्रिज्या मला कशी आली हे सगळं माहीत आहे.

तिथेच बसले असताना हमिंगबर्ड आला, फुलासमोर क्षणभर थांबला, तीन फुलं करून गेला.

मंगळवार, 2 जुलै

फ्रीझरमधला फोल्डर कधीच परत आला आहे, पण मी त्यातल्या शीट बघायच्या टाळत होते. आज बघितल्या. भोकं वाढलेली नाहीत. एका शीटवर सुटलेली दोन फुलं होती, ती कागदाच्या पुडीत घालून पुडी शीटला लावली. फेकायचं काहीच नसतं. कुणीतरी कधीतरी त्यातून परागकण घेईल.

मंगळवार, 9 जुलै

संध्याकाळी विजा. मोसमी पाऊस जवळ आला आहे. अरिझोनातही या पावसाला मॉन्सूनच म्हणतात, आणि पहिल्या सरीआधीचा ओल्या मातीचा वास, म्हणजे इथे तो क्रिओसोट झुडपाचा, आला की मला घर आठवतं.

फेब्रुवारीत बाजूला ठेवलेली सॅबिनोची शीट आज काढली.

तारखांसाठी शिकलेली युक्ती ठिकाणासाठी का वापरू नये, हे इतके दिवस सुचलं नव्हतं. संग्राहकाचा क्रमांक शीटवर आहे. त्याच्या आधीचे आणि नंतरचे क्रमांक डेटाबेसमध्ये शोधले, पाच सापडले. तीन आमच्याच कपाटात. गेले, काढले.

आधीचा क्रमांक एका गवताचा, लेबल पुन्हा तेवढंच, 'सॅबिनो कॅन्यन'. धीर खचला. नंतरचा क्रमांक मेपलचा. तोच महिना, तेच साल, आणि इथे त्याने दिवसही लिहिला आहे. त्याच हस्ताक्षरात, त्याच फिकट शाईत: सॅबिनो कॅन्यनच्या उगमाजवळ, ओढ्याकाठी, 7,500 फूट.

बराच वेळ दोन्ही शीट शेजारी ठेवून बसले. त्याला वाटलं असेल, एकावर लिहिलं ते पुरे. किंवा हनीसकलचं लेबल दिवा विझायच्या आत घाईत लिहिलं असेल. कोण जाणे. माणूस मात्र तिथे होता, आणि हे मी माझ्या सोयीसाठी धरलेलं नाही.

क्युरेटर बाईंना दाखवलं. त्यांनी पुन्हा विचारलं, "कशावरून?" या वेळी मी मेपलची शीट पुढे सरकवली. त्या हसल्या, मग म्हणाल्या, "पण हनीसकल त्याच दिवशी, त्याच जागी घेतली हे कुठे लिहिलंय?" खरं आहे. क्रमांक लागोपाठचे आहेत, एवढंच. सकाळी खाली एक झाड आणि दुपारी वर दुसरं, असंही होऊ शकतं. त्या काळी खेचरावर किती अंतर जाता येईल याचा दोघींनी अंदाज घेतला, जुन्या नकाशावर वाट बघितली.

नोंद अशी केली:

ठिकाण, लेबलाप्रमाणे: सॅबिनो कॅन्यन, सँटा कॅटालिना पर्वत. उंची, लेबलाप्रमाणे: नाही. केंद्रबिंदू: सॅबिनो ओढ्याचा वरचा भाग. अनिश्चितता: 5 किमी. आधार: याच संग्राहकाचा पुढच्या क्रमांकाचा मेपल, लेबलावर 'उगमाजवळ, ओढ्याकाठी, 7,500 फूट'. उंचीचा अंदाज केलेला नाही, रकाना रिकामा ठेवला आहे. जुना ठिपका (100 मीटर) रद्द, कारण शेऱ्यात.

मेपलच्या फोल्डरमध्ये पेन्सिलीने एक चिठ्ठी ठेवली, हनीसकलच्या शीटचा बारकोड लिहून. हनीसकलच्या फोल्डरमध्ये मेपलचा. मग दोन्ही आपापल्या कपाटात.

उरल्या अकरा शीट. पुढच्या मंगळवारी चिरिकाहुआ.